पेशीतला घरजावई

मित्रांनो, मी एक जुना घरजावई आहे.

हा शब्द माझा नाही. मारेगावकडच्या एका खेड्यातल्या इंदुताईंनी भर दवाखान्यात तो मला बहाल केला, आणि तो मला असा चपखल बसला की मग दुसरं नाव लावावंसं वाटलं नाही. मी जे दुखणं देतो त्याला डॉक्टर लोक स्क्रब टायफस म्हणतात. ते नाव परीक्षेत लिहायला बरं, हाक मारायला नाही.

मुळात मी जंतू. मोहरीच्या दाण्यावर आमची अख्खी जत्रा भरली तरी दाण्याला पत्ता लागणार नाही, एवढा लहान. मला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, आणि स्वतःची चूलही नाही. फार पूर्वी होती म्हणतात. पण आमच्या कोण्या पूर्वजाने पाहिलं, की दुसऱ्याच्या पेशीत जाऊन बसलं की बसल्या जागी ताट येतं. मग त्याने चूल मोडली, भांडी फेकली आणि रांधणंच विसरून गेला. तेव्हापासून आमच्या कुळात कोणी उघड्यावर जगू शकत नाही. पेशीच्या बाहेर फार वेळ राहिलो की आटोपलंच.

शिवाय आम्ही एकाचे दोन होतो, दोनाचे चार. त्यामुळे 'मी' म्हणजे नक्की कोण, हे विचारू नका. सगळेच मी. एकत्र कुटुंब आहे, आणि वाटणी हाच आमचा घरचा धंदा आहे. या कुटुंबाची एक पाती पुढे कांताबाईंच्या डाव्या कानात मुक्कामाला होती, म्हणून इथली बोलणी मला तंतोतंत ठाऊक आहेत.

आमचं खरं घर म्हणजे धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, गवतातला एक किडा. केशरी, टाचणीच्या टोकाएवढा. त्याच्या पोटात आम्ही आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला असे वारशाने जातो. तिथे ताप नाही, तक्रार नाही. किडा आम्हाला काही करत नाही, आम्ही किड्याला काही करत नाही. या किड्याचं पिल्लू आयुष्यात एकदाच कोणाच्या तरी अंगाला चिकटून जेवतं. बहुधा उंदराच्या. एकदाच, मित्रांनो. हा शब्द ध्यानात असू द्या, कारण माझं सगळं दुर्दैव त्याच्यात आहे.

पोळा होऊन गेला होता. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि धुऱ्यावरचं गवत कमरेला लागत होतं. कांताबाई आपल्या शेळ्यांसाठी ते गवत कापायला इंदुताईंच्या वावरात आल्या होत्या. दोघींचं वय पन्नाशीपलीकडचं, आणि मैत्री अशी जुनी, की भांडल्याशिवाय एकीचीही भाकर पचत नसे. दुपारी कांताबाईंनी विळा बाजूला ठेवला आणि गवतातच बसकण मारून भाकर सोडली.

"कांते, तिथं नोको बसू," इंदुताई ओरडल्या. "गवतात किडाकाटा असते."

"किडा मले पाहून पळते, ताई. माही सासू म्हणे, तुह्या आवाजानं तर कोल्हे गाव सोडून गेले."

"कोल्हे शायने होते. आमी राह्यलो."

कांताबाई हसल्या. त्या हसल्या की शेजारच्या वावरातले लोक निंदण थांबवून पाहत. त्या हसण्यातच आमचं पिल्लू त्यांच्या पायावरून वर चढलं, लुगड्याच्या आतून गेलं, आणि परकराची नाडी जिथे कमरेला करकचून बसते तिथे येऊन थांबलं. आमच्या पिल्लांना घट्ट जागा आवडते. ते जेवायला बसलं आणि त्याच्या लाळेतून मी आत उतरलो. कांताबाईंना मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही.

आता तुमचं अंग म्हणजे एक मोठं गाव समजा. त्यात पेशी नावाची अगणित घरं. काही घरांत पहारेकरी राहतात, आणि परका दिसला की गिळायचा असा त्यांना हुकूम असतो. दुसरे जंतू या पहारेकऱ्यांना चुकवतात. मी थेट त्यांच्याच दारात जाऊन उभा राहतो आणि कडी वाजवतो. पहारेकरी मला मोठ्या समाधानाने गिळतो. नोकरी बजावल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नाही.

पण त्यानंतरची घटका फार वाईट. पहारेकरी पाहुण्याला आत घेताना एका पिशवीत बांधून घेतो. मग पलीकडून आम्लाने भरलेली एक थैली सरकत येते. पिशवी आणि थैली एकमेकींत मिसळल्या की पाहुण्याचं पाणी पाणी होतं. मी पिशवीत होतो. मिट्ट काळोख. थैली येत होती. पिशवीचं अस्तर मी आतून विरवायला लागलो. थैली पिशवीला टेकली. अस्तर फाटलं आणि मी निसटलो. माझे कितीतरी भाऊबंद तेवढ्या उशिराने तिथेच विरघळले. त्यांच्या नावाने रडायला मला वेळ नव्हता, आणि डोळे तर नाहीतच.

पेशीच्या आत दोऱ्यांसारखे बारीक रस्ते असतात. त्यांच्यावरून पेशीचेच हमाल माल वाहतात. एका हमालाला मी धरलं. त्याने कोण, कुठले, काही न विचारता मला थेट केंद्रकाजवळ नेऊन सोडलं. केंद्रक म्हणजे पेशीची कचेरी, सगळे हुकूम तिथून निघतात. मी कचेरीला लागूनच बिऱ्हाड थाटलं. कचेरीला चिकटून केलेलं अतिक्रमण कोणी उठवत नाही, हा नियम तुमच्याकडेही आहे. पेशीचं एक सफाई खातंही असतं, नको असलेलं सामान गोळा करून निकालात काढणारं. ते रोज माझ्या अंगावरून जात होतं, आणि मी दिसत असूनही त्याच्या नजरेत येत नव्हतो.

मग ताट आलं. मी जेवलो. एकाचा दोन झालो.

घर भरलं की आम्ही दुसरं घर पाहतो. निघताना पेशीचंच कातडं अंगावर ओढून घेतो, म्हणजे बाहेरच्या पहाऱ्याला वाटतं, आपल्याच गल्लीतला माणूस चालला. सासऱ्याचा कोट घालून जावई निघाला की चौकातले लोक रामराम घालतात, तसं. पहारेकऱ्यांच्या पाठीवर बसून मी कांताबाईंच्या रक्तात उतरलो आणि रक्तवाहिन्यांना आतून जे नाजूक अस्तर असतं, त्याच्या घराघरात शिरलो. जिथे रक्त तिथे मी. कानातही मी.

आणि मग कांताबाईंना ताप भरला.

ताप, डोकं फुटेल अशी कळ, अंग ठेचून काढल्यासारखं, त्यात कंबर जास्तच. डाव्या कानात सारखा भुंगा. "कानात कोणीतरी बोलून राह्यलं," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी दचकलो.

कमरेत उसण भरली असेल असं धरून इंदुताई बिब्बा घेऊन आल्या. इंदुताईंचा बिब्बा पंचक्रोशीत नाव असलेला. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे. ते तेल अंगाला मानवलं नाही तर बिब्बा उततो, म्हणजे फोड येतात, सूज येते, कातडी पाझरते. इंदुताईंचा बिब्बा आजवर कधी उतला नव्हता. याचा त्यांना इतका अभिमान होता की सुनेच्या माहेरीही त्या हे ऐकवत.

"नाडी सैल कर," इंदुताई म्हणाल्या.

"काई नोको. वरतूनच लावा," कांताबाई म्हणाल्या. अंगात ताप असला तरी लाज शाबूत होती. इंदुताईंनी नाडीच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी ठिपके दिले.

नाडीच्या खाली काय होतं, ते दोघींनीही पाहिलं नाही. पिल्लू जेवलं होतं त्या जागी कातडी मरून एक काळी खपली धरली होती, भोवती लाल कडं. ती दुखत नव्हती, खाजत नव्हती. मित्रांनो, मी इतका सावध जंतू, पण घरात शिरताना उंबऱ्यावर पावलाचा ठसा ठेवून येतो. ती खपली म्हणजे माझा ठसा. तो कोणी पाहिला तर माझा खेळ खलास. आणि योगायोग पाहा, त्याच्या शेजारीच इंदुताईंनी काळ्या ठिपक्यांची रांगोळी घालून दिली.

ताप उतरेना. तेव्हा गावातल्या पुंडलिकरावांना बोलावलं. पुंडलिकराव डॉक्टर नव्हते, पण गावाने त्यांना डॉक्टर केलं होतं, आणि लोकांचं मन मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सलाईन लावलं आणि एक सुई दिली.

"कोणती सुई हाय, साहेब?" कांताबाईंच्या घरधन्याने, धर्मपालभाऊंनी विचारलं.

"पावरफुल," पुंडलिकराव म्हणाले.

औषध खरोखरच पावरफुल होतं. जंतूच्या भिंती पाडणारं. पण माझी भिंत म्हणजे नावापुरता कूड, आणि मी बसलेलो दुसऱ्याच्या घरात. औषध गल्लीतून हातोडा घेऊन फिरत राहिलं, आणि मी आत जेवत राहिलो.

एक दिवस गेला, दुसरा गेला. कांताबाईंना उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा टिकेना. बोलताना धाप लागायला लागली. बुद्धविहारातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन त्या कधी चुकवत नसत. त्यासाठी धुऊन घडी घातलेलं पांढरं लुगडं खुंटीवर तसंच लटकून राहिलं.

धर्मपालभाऊ मारेगावच्या रस्त्यावर ऑटो चालवत. बोलायला मऊ माणूस, पण भ्यायले की त्यांचा आवाज चढे. त्या सकाळी तो फार चढला. इंदुताई विचारपूस करायला दारात आल्या, तर ते तिथूनच ओरडले.

"तुमचाच बिब्बा उतला, ताई! चांगली होती माही बायको. कंबरच दुखत होती ना? आता पाहा!"

"माहा बिब्बा?" इंदुताई जागच्या जागी थिजल्या. "धर्मपालभाऊ, शुद्धीत बोला."

"साऱ्या गावाले सांगीन मी!"

साऱ्या गावाला सांगायची गरज नव्हती. निम्मं गाव तिथेच उभं होतं. इंदुताई आल्या पावली घरी गेल्या, आणि ऑटो कांताबाईंना घेऊन सरकारी दवाखान्याकडे निघाला. खड्डा आला की कांताबाई कण्हत आणि धर्मपालभाऊ खड्ड्याची माफी मागत.

दवाखान्यातल्या डॉक्टर निशिगंधा लोहारा गावच्या. वयाने लहान, पण डोळे फार वाईट. म्हणजे माझ्यासाठी वाईट. सगळीकडे पाहणारे.

"गवतात गेला होता का, मावशी?"

"शेतातच असतो ना आमी," धर्मपालभाऊंनीच उत्तर दिलं.

"अंगावर कुठे काळी खपली आली का? विडीचा चटका बसल्यासारखी?"

मी केंद्रकाला चिकटून बसलो. श्वास असता तर रोखला असता.

"नाई," कांताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा एवढ्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी धर्मपालभाऊंना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि स्वतः तपासायला लागल्या. काखा पाहिल्या, मान पाहिली. मग लुगडं कमरेपाशी जरा सारलं. कांताबाईंनी नाडी मुठीत घट्ट धरली होती, तरी तिच्या कडेने माझी खपली अर्धी दिसत होती.

"हे काय आहे?"

"बिब्बा," कांताबाई धापा टाकत म्हणाल्या.

"सगळे?"

"सारे."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं. आपल्या पाठीमागचं कोण पाहतं? डॉक्टरांनी त्या काळ्या ठिपक्यांवरून एकदा नजर फिरवली आणि लुगडं नीट केलं. मलेरिया तपासला, नव्हता. डेंग्यू तपासला, नव्हता. फुफ्फुसात कफाची घरघर होती. त्यांनी त्याची सुई सुरू केली, नाकाला ऑक्सिजन लावला, आणि माझ्या नावाच्या तपासणीसाठी रक्त यवतमाळला पाठवलं. त्याचं उत्तर यायला वेळ होता.

मी वाचलो होतो, मित्रांनो. मला आनंद व्हायला हवा होता.

पण त्या दिवशी मला पहिल्यांदा घराचे वासे वाजताना ऐकू आले. मी इतक्या पेशी भरल्या आणि फोडल्या होत्या की रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या होत्या. फुफ्फुसांत पाणी उतरत होतं. कानातून मला कांताबाईंचा श्वास ऐकू येई. आधी तो चालत होता, मग धावायला लागला, आता ठेचकाळत होता. हे घर पडलं तर माझं काय? तेव्हा तो शब्द मला आठवला. एकदाच. आमचं पिल्लू आयुष्यात एकदाच जेवतं, आणि त्याचं जेवण होऊन गेलं होतं. मला परत घेऊन जायला कोणी येणार नव्हतं. माणसाच्या अंगातून गवताकडे जाणारा रस्ताच नाही. मी उंदीर समजून चुकीच्या गाडीत बसलो होतो, आणि ही गाडी पुढे कुठेच जात नव्हती.

कांताबाई मेल्या असत्या तर मीही मेलो असतो. त्या जगल्या तर औषधाने मी मरणार. दोन्हीकडून मरणच, पण दोन्ही मरणं सारखी नव्हती, एवढं मला त्या ठेचकाळत्या श्वासाने शिकवलं. आणि तरी मी जेवत होतो. ते काही माझ्या हातात नाही. हातच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी धर्मपालभाऊंना बाजूला घेतलं.

"ऑक्सिजन वाढवूनही पुरत नाही. ॲम्ब्युलन्स सांगते. यवतमाळला न्यावं लागेल."

"जगन ना ते, मॅडम?"

डॉक्टर फोन लावायला वळल्या. धर्मपालभाऊ भिंतीला टेकून उभे राहिले, आणि नेमक्या त्याच वेळी दारातून इंदुताई आत आल्या. हातात फडक्यात बांधलेले बिब्बे, डोक्यावर पदर, आणि चेहरा असा की वाटेतला वॉर्डबॉय आपण होऊन बाजूला झाला.

"कुठं हाय ते?"

"ताई, आता भांडू नोका," धर्मपालभाऊ पडल्या आवाजात म्हणाले. "तिले यवतमाळले नेऊन राह्यले."

"न्या ना. पण पयले मले दाखवा, कोणता उतला. सारं गाव म्हणून राह्यलं, इंदूच्या बिब्ब्यानं कांता चालली. एक तरी उतला असन तर हे बिब्बे मी इथंच चावून खातो."

"ताई, हा दवाखाना हाय!"

"म्हणूनच आणले. इथं डॉक्टर हाय."

त्यांनी पडदा ओढून घेतला. कांताबाईंनी डोळे उघडले.

"आल्या का," त्या पुटपुटल्या. "भांडाले?"

"भांडाले नाई तर काय ओवाळाले? वळ तिकडं. आणि नाडी सोड आता, मरून राह्यली तरी लाजते."

मुठीत जोर उरला नव्हता. नाडी सुटली. इंदुताई वाकल्या आणि एकेका ठिपक्यावरून बोट फिरवायला लागल्या. त्यांचं बोट माझ्याकडे येत होतं. मी ते पेशीपेशीतून मोजत होतो.

"हा माहा. कोरडा. हा माहा. चकचकीत, फोड नाई. पाहा भाऊ, पडद्यातून ऐका! हाही माहा. सूज हाय काय? नाई. हा…"

बोट थांबलं.

"हा माहा नाई."

"काय झालं, ताई?" पडद्यामागून धर्मपालभाऊंनी विचारलं.

"मी नाडीखाली बिब्बा लावतच नाई. घामानं उतते तिथं. हे कोण्या अनाड्याचं काम हाय. खड्डा पाडून ठेवला, वरतून खपली, भोवती लालेलाल. कांते, मले सोडून कोणाकडून लावून घेतला? खरं सांग!"

मैत्रिणीचा जीव जातोय हे ठाऊक असूनही त्यांच्या आवाजात सवतीमत्सर होता. "कोणाकडूनच नाई," कांताबाई म्हणाल्या.

"दुखते?"

"काय दुखते? तिथं काई हायच नाई."

पडदा सर्रकन बाजूला झाला. डॉक्टर निशिगंधा टॉर्च घेऊन उभ्या होत्या.

"सरका, काकू."

"मॅडम, हा माहा नाई, मी पयलेच सांगतो—"

"ऐकलं मी. सरका."

उजेड थेट माझ्या ठशावर पडला. डॉक्टरांनी खपलीच्या कडेने बोट फिरवलं, जांघेतली सुजलेली गाठ चाचपली. मग त्या वळल्या आणि नर्सला औषधाचं नाव सांगितलं, शिरेतून द्यायचं, लगेच. डॉक्सी. ते नाव ऐकून पेशीपेशीतला मी गार पडलो.

"बिब्ब्यानं ताप आला नाही," डॉक्टर इंदुताईंना म्हणाल्या. इंदुताईंनी धर्मपालभाऊंकडे असं पाहिलं, की ते जमिनीकडे पाहायला लागले. "पण एवढे बिब्बे नसते, तर ही खपली मी कालच ओळखली असती. मीही नीट पाहायला हवं होतं. आणि तुम्ही यापुढे कोणाला बिब्बा लावायचा नाही."

इंदुताईंची ताठ होऊ लागलेली मान अर्ध्यातच थांबली. सुटका आणि शिक्षा एकाच वाक्यात झालेली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"मंग झालं काय तिले?" त्यांनी विचारलं.

सुई लागेपर्यंत डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गवतातल्या किड्यातून जंतू येतो. पेशीत घुसून बसतो. तिथलंच खातो, तिथेच वाढतो, आणि साधं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही.

इंदुताईंनी क्षणभर विचार केला. "म्हंजे घरजावई," त्या म्हणाल्या.

डॉक्टर दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही.

औषध रक्तातून आलं. मी नेहमीसारखा आत निर्धास्त बसलो होतो. पण हे औषध हातोडा घेऊन गल्लीत फिरणारं नव्हतं. ते भिंतीतून झिरपून आत आलं, केंद्रकापर्यंत आलं, माझ्याही आत आलं, आणि माझं अंग जिथे घडतं त्या साच्यांत जाऊन बसलं. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. नुसतं काम बंद. ताट समोर होतं आणि त्या ताटातून माझं नवं अंग काही घडेना. एकाचे दोन होणं थांबलं. मग ज्यांच्या नजरेतून मी इतके दिवस निसटत होतो, ते पहारेकरी एकेक घर झाडायला लागले.

ॲम्ब्युलन्स आली, पण आधी औषधाचा गुण पाहू म्हणून डॉक्टरांनी ती दारातच थांबवून ठेवली. त्या संध्याकाळी श्वास ठेचकाळतच होता. धर्मपालभाऊ कांताबाईंचा हात धरून बसले होते आणि इंदुताई पायाशी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाच डब्यातली भाकर खात होते. दुसऱ्या दिवशी श्वास चालायला लागला आणि ॲम्ब्युलन्स रिकामीच परतली. त्याच्या पुढच्या सकाळी कांताबाईंच्या कपाळाला घाम फुटला आणि त्या म्हणाल्या, "शेळ्याईले पाणी कोणं देल्लं?"

"मी," इंदुताई म्हणाल्या. "आणि तुह्या नवऱ्यानं माह्या दारात येऊन माफी मांगावी, तोवरक देईन. मंग बंद."

"मांगतो, ताई," धर्मपालभाऊ म्हणाले. "पण हळूहळू मांगतो. शेळ्या दोन हायेत."

कांताबाई हसल्या. ते हसणं मी आतून ऐकलं, मित्रांनो. धुऱ्यावर बाहेरून ऐकलं होतं, त्यापेक्षा ते बारीक होतं, पण पलीकडच्या खाटेवरचा माणूस वळून पाहण्याइतकं होतं.

आता डाव्या कानातली ही शेवटची पाती तेवढी उरली आहे, आणि पहारेकरी गल्लीच्या तोंडाशी आले आहेत. तेव्हा जाता जाता एक मागणं मागतो. ते मी स्वतःसाठीच मागतो आहे, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. आम्हाला आमच्या किड्यात सुखाने राहू द्या. गवतात जाल तर अंगभर कपडे घालून जा. बसाल तर खाली ताडपत्री घाला. घरी आलात की अंग घासून आंघोळ करा आणि कपडे धुवायला टाका. आणि तरीही ताप आलाच, तर नाडीखाली, काखेत, जिथे दाखवायची लाज वाटते तिथे आधी पाहा आणि डॉक्टरांना दाखवा. माझा ठसा मी ठेवूनच येतो. त्याच्यावर काही फासू नका, त्याला झाकू नका. तुमच्या अंगात येऊन माझं आजवर कधी भलं झालेलं नाही. घर जळून गेल्यावर जावई कुठे जाणार?

इंदुताई चादर झटकत आहेत. कांताबाई उठून बसल्या आहेत आणि मान एका बाजूला कलती करून काहीतरी ऐकत आहेत.

"ताई, कमी झालं वो."

"काय?"

"कानातलं. बोलून राह्यलं होतं ना कोणीतरी. आता लय हळू येऊन राह्यलं."

"चालला म्हणा जावई," इंदुताई म्हणाल्या. "जाऊ दे. शिदोरी बांधून देऊ नोको म्हंजे झालं."